डब्लिनचं आर्किऑलॉजी म्युझियम – शेतकरी बाबांना घेऊन जाऊ का?

मुग्धा_डब्लिन

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आई-बाबा पुढच्या महिन्यात साताऱ्याहून येतायत, पहिल्यांदाच देशाबाहेर, तीन आठवडे राहतील. क्लिफ्स ऑफ मोहर, गॉलवे वगैरे ठरलंय, त्याची काळजी नाही. मधे एक मंगळवार माझ्याकडे पूर्ण मोकळा आहे आणि ऑफिसमधली आयरिश मैत्रीण म्हणाली की किल्डेअर स्ट्रीटवरचं नॅशनल म्युझियम दाखव, आर्किऑलॉजीचं, तिकीट नाही आणि आयर्लंडमध्ये माणूस आला तेव्हापासून ते मध्ययुगापर्यंतचं सगळं एका छपराखाली बघायला मिळतं.

आता माझी अडचण सांगते. बाबा आयुष्यभर शेती केलेला माणूस, कोरेगाव तालुक्यात आमचा ऊस आणि आलं असतं, शिक्षण जुनी मॅट्रिक. किल्ल्यावर न्या, चार तास न बसता फिरतील, तलवारी भाले असले की पाटी न पाटी वाचतील, कारण तो इतिहास त्यांना घरातलाच वाटतो. पण इथला इतिहास त्यांच्या ओळखीचा नाही, कोण राजा कोण संत काहीच माहीत नाही, आणि मलाही माहीत नाही हे खरं. सहा वर्षं झाली इथे येऊन, रोज दोन गल्ल्या पलीकडून लुआस ट्रामने ऑफिसला जाते पण आत पाऊल टाकलेलं नाही, याचं मलाच वाईट वाटतंय. मला त्यांना काचेच्या पेट्यांपुढून नुसतं फिरवून आणायचं नाहीये, त्यांना काहीतरी आपलं वाटावं अशी इच्छा आहे. आईचे गुडघे दुखतात, तिला जास्त जिने नकोत. आणि तिथे बॉगमध्ये, म्हणजे इथल्या दलदलीत, सापडलेली हजारो वर्षांपूर्वीची माणसं ठेवलीयत म्हणे, आईला ते सहन होईल का? ते प्रसिद्ध जुनं हस्तलिखित, बुक ऑफ केल्स, पण तिथेच आहे ना? कुणी आपल्या आईवडलांना घेऊन गेलं असेल तर प्लीज मनापासून लिहा.

लिफीकाठचा

मुग्धा, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. बुक ऑफ केल्स तिथे नाही, ते ट्रिनिटी कॉलेजमध्ये आहे, त्याला तिकीट आहे आणि बुकिंग करावं लागतं. दोन्ही जागा चालत पाच-सात मिनिटांवर असल्यामुळे खूप जण गोंधळतात.

आता बाबांचं. अगं, शेतकऱ्याला दाखवायला याच्यासारखं दुसरं म्युझियम मला तरी माहीत नाही. मी अठरा वर्षं इथे आहे, आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिथे नेतो आणि दर वेळी एकच गोष्ट सांगतो, की यातल्या मोठमोठ्या वस्तू पंडितांनी खणून काढलेल्या नाहीत, त्या शेतात राबणाऱ्या माणसांच्या हाताला लागलेल्या आहेत. तू बाबांना राजे आणि संत सांगतच बसू नकोस, प्रत्येक वस्तूपुढे उभी राहून ती कुणाला आणि काय करताना सापडली एवढंच सांग.

आर्डा चॅलिस घे. आठव्या शतकातला चांदीचा पेला, आयर्लंडची शान, तो १८६८ साली लिमरिक जिल्ह्यात दोन तरुणांना बटाटे खणताना सापडला. जुन्या काळचं मातीचं गोल कोट असलेलं घर असतं ना, इथे त्याला रिंगफोर्ट म्हणतात, त्याच्या आत कुणीतरी बटाटे लावले होते, कुदळ खाली गेली आणि आतून पेला, चार मोठ्या पिना आणि काशाचं एक छोटं भांडं निघालं. इथल्या गेलिक फुटबॉलची जी सॅम मॅग्वायर ट्रॉफी टीव्हीवर दिसते ती याच पेल्याच्या घडणीवर बनवलीय.

मग ब्रॉयटरचा साठा. १८९६ साल, डेरी जिल्हा, दोघं जण रान नांगरतायत, एकामागून एक दोन नांगर, पहिल्याच्या तासात दुसरा म्हणजे जमीन जास्त खोल उलथते, तुझ्या बाबांना हे सांगायलाच नको. त्या दुसऱ्या नांगराला सोन्याचा ढीग लागला. त्यात एक होडी आहे, वीतभर लांबीची, पूर्ण सोन्याची, तिला बसायच्या फळ्या आहेत, दोन्ही बाजूंनी केसासारखी बारीक वल्ही आहेत, सुकाणू आहे, डोलकाठी आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातली वस्तू. नांगराने ती चेपून गेली होती, नंतर सोनाराने परत आकाराला आणली. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा पंधरा मिनिटं हललो नाही.

आणि तिची पुढची कहाणी बाबांना नक्की आवडेल कारण त्यात कोर्टकज्जा आहे. सोनं विकलं गेलं, हात बदलत बदलत ब्रिटिश म्युझियमने ६०० पौंडांना घेतलं, मग आयर्लंडमधून मागणी आली की हे आमचं आहे, परत द्या. लंडनच्या कोर्टात खटला उभा राहिला. कायदा असा होता की परत काढून घ्यायच्या इराद्याने पुरलेलं असेल तर ते सरकारचं, पण देवाला वाहिलेलं असेल तर सरकारचा हक्क नाही. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कुणाच्या मनात काय होतं यावर वकील भांडत होते. एक बाजू म्हणाली ही समुद्रदेवाला वाहिलेली भेट आहे, न्यायाधीशांना ते पटलं नाही, १९०३ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला आणि सोनं डब्लिनला आलं. माझं स्वतःचं मत विचारशील तर ती होडी देवालाच वाहिलेली होती, इतकी बारीक कलाकुसर कुणी लपवून ठेवायच्या ठेव्यासाठी करत नाही. पण निकाल उलटा लागला म्हणून ती आज इथे आहे याचा आनंद आहेच.

सोन्याच्या त्या भागाला ओर असं नाव आहे, आयरिशमध्ये ओर म्हणजे सोनं. आत शिरलात की मधल्या दालनातच आहे. आईला एकही जिना चढायला लागणार नाही, सोनं, पेला, पिना, बॉगमधली माणसं सगळं ग्राउंड फ्लोअरला. वर व्हायकिंग (स्कँडिनेव्हियाकडून आलेले दर्यावर्दी) आणि मध्ययुग आहे, तिथे जायचं असेल तर लिफ्टचं काउंटरवर आधी विचारून घे.

कोल्हापूरची_सोनारीण

लिफीकाठचा दादांनी छान लिहिलंय, मी माझ्या बाजूने भर घालते. माझं माहेर कोल्हापूरचं, तीन पिढ्या सोनारकाम, वडलांच्या शेजारी बसून तारकाम बघत मोठी झाले, त्यामुळे मी त्या म्युझियममध्ये गेले ती दागिने बघायला आणि खरं सांगते डोळ्यांत पाणी आलं.

मुग्धाताई, आईंना आधी लुन्युला दाखवा. चार हजार वर्षांपूर्वीचे गळ्यातले दागिने, सोन्याचा पातळ पत्रा ठोकून ठोकून चंद्रकोरीच्या आकाराचा केलेला, कडेला आणि टोकांना बारीक रेघांची नक्षी. युरोपात जेवढे सापडले त्यातले ऐंशीहून जास्त एकट्या आयर्लंडचे. पत्रा इतका पातळ की वाटतं फुंकर मारली तर हलेल. आईंना मराठीत सांगा चंद्रकोर, त्यांना लगेच कळेल. मग त्याच्या पुढच्या काळातले टॉर्क आहेत, पिळाच्या सोन्याचे, आपल्याकडे गळ्यात सरी घालायचे ना अगदी तसे. ब्रॉयटरच्या त्याच साठ्यात एक पोकळ जाड सरी आहे, तिच्यावर उठावाची वेलबुट्टी अशी काही फिरवलीय की सुरुवात कुठे आणि शेवट कुठे सापडत नाही.

आणि मग टारा ब्रूच. नावावर जाऊ नका, टारा म्हणजे त्यांच्या जुन्या राजांची टेकडी, तिच्याशी या पिनेचा काही संबंध नाही, ही १८५० मध्ये बेटीस्टाऊनला समुद्राजवळ सापडली, ज्या सराफाने विकत घेतली त्याने भाव यावा म्हणून ते भारी नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. पण वस्तू काय आहे! इसवी सन ७०० च्या आसपासची, शाल खांद्यावर अडकवायची पिन, तिचं कडं बांगडीपेक्षा थोडंसं मोठं. त्या एवढ्याशा जागेत सोन्याची तार पिळून, तिच्यावर दाणे बसवून, साप आणि पक्षी आणि लांबुळके प्राणी विणलेत. अंबर आहे, काच आहे. बाजूला लोंबणारी चांदीची साखळी आहे तिच्यात काचेचे दोन इवलेसे चेहरे आहेत, ते वाकून बघा, पटकन दिसत नाहीत. आणि मला सगळ्यात भिडलं ते असं की मागची बाजू, जी अंगाला लागणार, जगाला दिसणारच नाही, ती पण तेवढ्याच मन लावून घडवलीय. माझे वडील म्हणायचे की दागिन्याची पाठ बघावी, पाठ चांगली असेल तर सोनार चांगला. ते असते तर त्यांना तिथे नेलं असतं.

आर्डा पेल्याचंही तसंच. त्याचे साडेतीनशेहून जास्त वेगवेगळे तुकडे आहेत, जोडून एक केलेत. पट्टीच्या खाली चांदीवर हलक्या हाताने कोरलेली अक्षरं आहेत, येशूच्या शिष्यांची नावं, उजेड तिरका पडला की दिसतात. पायाच्या खालच्या बाजूला मधोमध स्फटिक बसवलाय, म्हणजे पाद्री पेला वर उचलेल तेव्हाच समोरच्यांना दिसणार. बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या सोनारांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत याचं मला फार वाटतं.

राहुल_कॉर्क

टायमिंग सांगतो. मंगळवार ते शनिवार १० ते ५, रविवार आणि सोमवार दुपारी १ ला उघडतं. तुमचा मंगळवार आहे म्हणजे सकाळीच जा, अकरानंतर शाळेच्या सहली येतात. जायच्या आधी त्यांच्या साइटवर एकदा बघा, सणासुदीला बदलतं. आणि आत शिरल्यावर घुमटाखाली जरा थांबा, फरशीवर मोझेकमध्ये बारा राशी काढल्यात, १८९० साली इमारत उघडली तेव्हापासूनच्या. माझ्या आईने स्वतःची रास शोधून त्याच्यावर उभं राहून फोटो काढला, तोच आमच्या घरात फ्रेम करून लावलाय.

मुग्धा_डब्लिन

किती सुंदर लिहिलंयत सगळ्यांनी, मनापासून आभार. सोनारीणताई, तुमचं वाचून मीच आधी एकदा लंच ब्रेकमध्ये जाऊन येणार आहे. बॉगमधल्या माणसांचं कुणी सांगेल का? आईला अशा गोष्टींनी रात्री झोप लागत नाही म्हणून विचारतेय.

नर्सताई_तालाट

मुग्धा, मी सांगते. मी इथे हॉस्पिटलमध्ये नर्स आहे, देह बघायची सवय आहे, तरी तिथे गेल्यावर मी पण गप्प झाले होते, त्यामुळे तुझी काळजी समजते.

पहिलं म्हणजे ती माणसं उघड्यावर ठेवलेली नाहीत. प्रत्येकाभोवती गोल वळणाची भिंत आहे, आत वळून गेलीस तरच दिसतात. आईंना नको असेल तर त्या बाहेरूनच पुढे जातील, चुकून समोर येणार नाहीत. हे मला फार योग्य वाटलं, बघणाऱ्याचाही मान राखलाय आणि त्या गेलेल्या माणसाचाही.

बॉग म्हणजे काय ते बाबांना आधी सांगून ठेव. दलदलीची जमीन, हजारो वर्षं शेवाळ साचत साचत काळपट स्पंजासारखा थर झालेला, तो विटांसारखा कापून वाळवून इथली गावं चुलीत जाळायची, त्याला टर्फ म्हणतात. आतमध्ये हवा नाही, पाणी आम्लाचं आणि गार, शेवाळातून असा काही रस उतरतो की कातडं कमावल्यासारखं होतं. म्हणून हाडं विरघळली तरी कातडी, केस, नखं राहतात. रंग मात्र चॉकलेटी होतो.

२००३ मध्ये दोन माणसं सापडली, दोन्ही टर्फच्या आणि खोदाईच्या कामात. एक क्लोनीकॅव्हनचा, मशीनमध्ये सापडला, त्याचे केस वर चढवून बांधलेले आणि त्यांना काहीतरी चोपडलेलं. तपासलं तर वनस्पतीचं तेल आणि पाइनचा डिंक निघाला, आणि तो डिंक आला होता फ्रान्सच्या नैऋत्येकडून किंवा स्पेनमधून. सव्वादोन-अडीच हजार वर्षांपूर्वी आयर्लंडमधल्या एका माणसाने परदेशी मालाने केस बसवले होते बघ.

दुसरा ओल्डक्रोहनचा, त्याला डोकं नाही आणि कमरेखालचा भाग नाही, नुसतं धड आणि हात. उंची सहा फुटांच्या वर असावी असं काढलंय. दंडावर विणलेल्या चामड्याचा पट्टा अजून तसाच आहे. त्याचा हात बघ मुग्धा. मी रोज किती हात हातात धरते, सलाइन लावायला, नाडी बघायला, पण तो हात मला विसरता येत नाही. बोटांच्या टोकावरच्या रेषा दिसतात, नखं नीट राखलेली, कष्टाचे हात नाहीत ते. नखांवरून कळलं की मरायच्या आधीचे काही महिने त्याच्या जेवणात भरपूर मांस होतं, पण पोटात शेवटचं अन्न निघालं ते धान्य आणि ताक.

दोघांनाही मारलं होतं, फार क्रूरपणे, ते तपशील इथे लिहीत नाही, पाटीवर आहेत, आईंना वाचून दाखवू नकोस. म्युझियमच्या लोकांचं म्हणणं असं की अशी माणसं जुन्या राज्यांच्या सीमेवर सापडतात, त्यामुळे हे राजे किंवा राजघराण्यातले असावेत, पीक बुडालं, गुरं मेली की राजाने जमिनीशी केलेला करार मोडला असं धरून त्याचाच बळी जायचा. सगळ्यांना हे पटत नाही, पण त्या दालनाचं नावच राजेपण आणि बळी या अर्थाचं आहे.

आणि आईंना तिथेच बॉग बटर दाखव. लोणी! लाकडी बुधल्यात भरून बॉगमध्ये पुरून ठेवलेलं, टिकावं म्हणून किंवा देवाला म्हणून, आणि कुणी परत काढायला आलंच नाही. पिवळट पांढरं, मेणासारखं झालंय. माझी आई त्या बुधल्यापुढून हलेना, म्हणाली कुठल्या बाईने घुसळलं असेल गं, तिला वाटलं असेल उद्या येऊन नेऊ.

इमारतवाला

वर व्हायकिंग दालन आहे ते सोडू नका एवढं सांगायला आलो, मी बांधकामातला माणूस आहे आणि त्या दालनामागची गोष्ट माझ्या धंद्याशी जोडलेली आहे म्हणून जास्त लागते.

डब्लिन शहर वसवलं व्हायकिंग लोकांनी, आणि सत्तरच्या दशकात लिफी नदीच्या काठी वुड की नावाच्या जागी महापालिकेची ऑफिसं बांधायला पाया खणायला घेतला तर खाली हजार वर्षांपूर्वीचं गाव जसंच्या तसं निघालं. ओल्या मातीमुळे लाकूड कुजलं नव्हतं. घरं कुडाची, खरंच आपल्याकडे कोकणात असायची तशी, खांब रोवून काठ्यांचं विणकाम, रस्ते, अंगणं, कचऱ्याचे खड्डे, सगळं. कोर्टात भांडण झालं, १९७८ च्या सप्टेंबरमध्ये २०,००० लोक रस्त्यावर उतरले, पुढच्या वर्षी लोकांनी जागेचा ताबाच घेतला, तरी शेवटी ऑफिसं बांधलीच. १९८१ पर्यंत जेवढं खणून काढता आलं तेवढं काढलं आणि ते सामान आता या म्युझियममध्ये आहे. मी स्वतः पाया खणून घेतो, कामाची तारीख पुढे गेली तर काय होतं ते मला माहीत आहे, तरीपण त्या जागेवरून जाताना वाटतं की थांबायला हवं होतं.

त्या दालनात शिंगाचे कंगवे आहेत, चामड्याचे जोडे आहेत, तराजू आणि शिशाची वजनं आहेत, गुलामांना बांधायच्या साखळ्या पण आहेत, कारण डब्लिन हा तेव्हा गुलामांचा बाजार होता. पण माझी आवडती वस्तू म्हणजे हाडांचे ते तुकडे ज्यांच्यावर नवशिक्या कारागिरांनी नक्षी गिरवलीय. आपण पाटीवर ग गणपतीचा गिरवायचो तसं. एकच गाठ चार वेळा काढलीय, पहिली वाकडी, दुसरीत रेघ चुकलीय, चौथी बरी जमलीय. कुणीतरी पोरगं तिथे बसून शिकत होतं, आणि उस्ताद बाजूला उभा असेल.

पलीकडे मध्ययुगाचं दालन, साधारण ११५० ते १५५०. तिथे हस्तिदंताचं एक मोठं शिंग आहे, कॅव्हनाघ घराण्याचं, लेन्स्टर या इथल्या प्रांताचे राजे त्यांच्यातले. हत्तीचा दात आयर्लंडमध्ये कसा पोचला असेल याचा विचार करत बसतो मी.

प्रवरामाई

मी नगर जिल्ह्यातली, सध्या इथे शिकतेय. लिफीकाठचा काकांनी नांगराचं लिहिलंय ते वाचून दायमाबाद आठवलं. आमच्या प्रवरेच्या काठी १९७४ साली एक शेतकरी झुडपाची मुळी उकरत होता आणि खालून काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ निघाला, चारही मिळून साठ किलोच्या वर वजन. हडप्पाच्या उत्तरकाळातले मानतात. ते आता दिल्लीच्या नॅशनल म्युझियममध्ये आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. मुग्धाताई, तुमच्या बाबांना हे माहीत असेल तर तिथे उभं राहून याचीही आठवण काढा, म्हणजे त्यांना परकं वाटणार नाही.

अजून एक, फॅडन मोरचं पुस्तक नक्की बघा. २००६ मध्ये टिपररीत बॉगमधून मशीनच्या बकेटमध्ये एक पुस्तक वर आलं, स्तोत्रांचं, लॅटिनमधलं, इसवी सन ८०० च्या सुमाराचं. मशीन चालवणाऱ्याने काय करावं? त्याच्यावर परत ओली बॉगची माती घालून ठेवली, उन्हात वाळू दिलं नाही. नुसतं तेवढं शहाणपण दाखवलं म्हणून पुस्तक वाचलं. मग चार वर्षांहून जास्त काळ माणसं एकेक पान, एकेक सुटं अक्षर वेगळं करत बसली होती. आणि चामड्याच्या कव्हरच्या आतून अस्तर निघालं पपायरसचं, म्हणजे इजिप्तकडचं.

सँडीफर्डकर

विषय निघालाच आहे तर विचारतो, माझ्या मुलाला वाढदिवसाला कुणीतरी मेटल डिटेक्टर दिलाय, बीचवर नेऊ का?

लिफीकाठचा

सँडीफर्डकर, नको. इथे परवानगीशिवाय जुन्या वस्तू शोधायला डिटेक्टर वापरणं गुन्हा आहे. १९८० मध्ये डेरीनाफ्लानला एका बापलेकाला डिटेक्टरनेच चॅलिस, ताटली, गाळणं असा चर्चचा पूर्ण सेट सापडला, तोही याच म्युझियममध्ये आहे. मालकी कुणाची यावर १९८७ पर्यंत सुप्रीम कोर्टात भांडण चाललं, मग डिटेक्टरचा कायदा झाला आणि १९९४ मध्ये कायद्यानेच ठरलं की असं जे सापडेल ते देशाचं. चालता चालता काही दिसलं तर हात न लावता म्युझियमला कळवायचं, ते लोक फार आपुलकीने येतात. मुलाला म्युझियममध्ये घेऊन जा, तो डेरीनाफ्लानचा पेला दाखव.

आणि असं का करावं लागलं ते पण सांगतो. १८५४ मध्ये क्लेअर जिल्ह्यात मूहॉनला रेल्वेचं काम चालू असताना मजुरांना दीडशेच्या वर सोन्याचे दागिने एकत्र सापडले, कांस्ययुगातले, एवढा मोठा साठा आयर्लंडमध्ये दुसरा नाही. बहुतेक सगळे विकून वितळवले गेले. आज थोडेच उरलेत, बाकीच्यांच्या नुसत्या प्रतिकृती.

मुग्धा_डब्लिन

जाऊन आलो मंडळी! काल गेलो होतो, रात्रीच लिहायचं होतं पण आई-बाबा बोलतच होते.

दहाला दारात होतो. आईने आधी राशी शोधली, तूळ, फोटो झाला. बाबा आत शिरले आणि तिथे मधोमध ती पन्नास फुटी होडी आहे ना, लर्गनची, एका ओकच्या खोडातून कोरलेली, चार हजारहून जास्त वर्षं जुनी, तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत गेले आणि म्हणाले, "एवढं सरळ झाड आता बघायला तरी मिळतं का गं?" तिथेच मला कळलं की आज "चला झालं का" ऐकू येणार नाही.

मी तुमचं ऐकून फक्त कुणाला सापडलं, काय करताना सापडलं एवढंच सांगत गेले. ब्रॉयटरच्या होडीपुढे दोन नांगरांचं सांगितलं तर म्हणाले, "तासात तास घातला म्हणून निघालं, एका नांगराला आलं नसतं हाताला." मग शेजारची ती जाड सरी बघितली आणि आईला हाक मारून म्हणाले, "आगं हे बघ, सरीत घावलेली सरी." दोघंही किती वेळ हसत होते. मग गंभीर होऊन विचारलं की नांगरणाऱ्यांना काय मिळालं. मला सांगता आलं नाही. त्यांनी काउंटरवर जाऊन मला इंग्लिशमध्ये विचारायला लावलं, तिथल्या काकांनी पाऊण तास आम्हाला फिरवून दाखवलं, बाबांनी आल्याच्या लावणीचं सांगितलं ते मी भाषांतर करत होते.

आई बॉगमधल्या माणसांकडे गेली नाही, बाहेर बाकावर बसली. बाबा एकटे आत गेले, मी वळणावर थांबले होते. ओल्डक्रोहनच्या हातापुढे ते वाकून बघत राहिले. बाहेर आल्यावर स्वतःचा तळवा उलटा सुलटा करून बघितला आणि म्हणाले, "त्याने काय नांगर धरला नव्हता, पण पाऊस नाही आला तर भोगायला लागलं त्यालाच." बहात्तरच्या दुष्काळाचं बोलायला लागले मग, त्यांच्या वडलांनी बैलं कशी विकली ते, मी हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. नर्सताई, ताकाचं त्यांना सांगितलं होतं मी, तर आईला जाऊन म्हणाले, जाताना निदान ताक पिऊन गेला बिचारा.

बॉग बटर आईला दाखवलं. ती नुसतं बघत राहिली आणि म्हणाली बुधला आमच्या आजीकडे होता तसाच आहे.

सोनारीणताई, काचेचे ते दोन चेहरे सापडले मला, आईनेच शोधले.

वरती जायला जमलं नाही, तीन तास खालीच गेले. आता बाबांचं एकच चाललंय, त्यांना बॉग बघायचीय, खरी, टर्फ कापतात ती जमीन, माती हातात घेऊन बघायचीय म्हणतात. डब्लिनहून दिवसात जाऊन येता येईल असं कुठे आहे का? माझ्याकडे गाडी नाही.

लिफीकाठचा

किल्डेअरमध्ये लुलीमोर, बॉग ऑफ ॲलनच्या मधोमध आहे, तासाभराचा रस्ता. तिथे बॉगवर फळ्यांची वाट घातलीय, आईंनाही चालता येईल. रविवारी माझी गाडी मोकळी आहे, सकाळी साडेनऊला तुमच्या दारात येतो. बाबांना गमबूट लागतील, माप कळव.